काटा मायनसकडेच का?

प्रश्न : वडिलांची जुनी, कास्ट आयर्न इंजिनाची किकवाली बुलेट मी वापरतो. वर्षभरात दुसरी बॅटरी बसली. हेडलाइटच्या वरच्या अँपिअर मीटरचा काटा गाडी पळत असतानाही मायनसकडेच असतो. गॅरेजवाला म्हणतो, मॅग्नेट कॉइल बदला. शेजारच्या काकांच्या जुन्या स्प्लेंडरची बॅटरी तर कधीचीच मेली आहे, तरी ती किकला सुरू होते. मग बुलेटलाच बॅटरीचे एवढे लाड कशाला? – एक वाचक, कराड

उत्तर : आधी काकांची स्प्लेंडर. जुन्या कार्बोरेटरवाल्या स्प्लेंडरमध्ये ठिणगी पाडायचं काम सीडीआय करतो आणि त्याला लागणारी वीज मॅग्नेटमधल्या एका कॉइलकडून थेट मिळते. किक मारली, मॅग्नेट फिरला, काम झालं. बॅटरी उरते हॉर्न आणि इंडिकेटरपुरती. तुमच्या बुलेटमध्ये पॉइंट आणि इग्निशन कॉइल आहे, आणि त्या कॉइलला वीज जाते बॅटरीतून. बॅटरी बसली की प्लगला ठिणगीच नाही. मग पाय दुखेपर्यंत किका मारा.

म्हणून तर ते मीटर दिलंय. जुने बुलेटवाले किक मारण्याआधी त्याच्याकडेच बघतात. चावी फिरवून किक हळूहळू दाबत गेलं की पॉइंट मिटलेले असेपर्यंत काटा मायनसकडे झुकलेला असतो, पॉइंट उघडले की मध्यावर येतो. तिथे डीकॉम्प्रेसर दाबून पिस्टन किंचित पुढे सरकवायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग एकच सणसणीत किक.

काटा वाचताना एक गैरसमज हमखास होतो. पळत्या गाडीत काटा मध्याच्या आसपास थांबला म्हणजे चार्जिंग बंद, असं नाही. भरलेली बॅटरी जास्त करंट घेतच नाही. आयडलवर हेडलाइट लावल्यावर तो मायनसकडे गेला तरी चालेल, रेस वाढवल्यावर मात्र परतायला हवा. तुमचा परतत नाही, म्हणजे गडबड नक्की आहे. पण कॉइलच गेली, हे त्यावरून ठरत नाही. कॉइलचे पैसे मोजण्याआधी एक साधा मल्टीमीटर घ्या. जुन्या गाडीच्या मालकाकडे तो नसणं मला तरी पटत नाही.

रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी मोजा. 12.6 ते 12.8 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12 च्या आसपास म्हणजे जवळजवळ रिकामी. चार्जिंगला लावूनही साडेदहाच्या पुढे जात नसेल तर सहांपैकी एक सेल गेलाय, ती बॅटरी टाकून द्या. बॅटरी ठीक असेल तर गाडी सुरू करून मध्यम रेसवर पुन्हा मोजा. 13.8 ते 14.5 मिळाले तर चार्जिंग उत्तम आहे आणि दोष अँपिअर मीटरचा किंवा त्याच्या वायरींचा. आकडा जागचा हलला नाही तर वीज बॅटरीपर्यंत पोचतच नाही. 15 च्या वर गेला तर रेग्युलेटर गेलाय, आणि बॅटरीचं पाणी सारखं आटतं ते त्यामुळेच. (पाणी म्हणजे डिस्टिल्ड वॉटर. ॲसिड ओतायचं नाही.)

वीज पोचत नसेल तर मग वायरीच्या मागे लागा. या गाडीत कॉइल डाव्या बाजूला प्रायमरी चेनच्या केसमध्ये, ऑइलमध्ये असते. तिच्या वायरी केसबाहेर येतात तिथे वर्षानुवर्षं तेल आणि उष्णता खाऊन कडक होतात, घासतात, सोलतात. पुढचं सॉकेट उघडा. प्लॅस्टिक तपकिरी पडलेलं, पिना काळ्या दिसल्या तर निम्मं निदान झालं. सॉकेट सोडवून, गाडी सुरू ठेवून कॉइलकडच्या चार्जिंगच्या वायरींवर एसी व्होल्टेज बघा. रेसबरोबर ते वाढत गेलं तर कॉइल निर्दोष आहे, संशय आरआर युनिटवर, म्हणजे रेग्युलेटर-रेक्टिफायरवर. त्याचंही आधी अर्थिंग तपासा. गाडी नव्याने रंगवून घेतली असेल तर अर्थिंगचा बोल्ट रंगावरच कसलेला सापडतो. तिथला रंग खरवडला की पुष्कळदा चार्जिंग परत येतं. मीटरमागचे दोन नटही हलवून बघा, गाडीचा बहुतेक करंट त्यांच्यातून जातो. ही तपासणी करताना चालू इंजिनावर बॅटरी मात्र सोडवू नका. व्होल्टेज एकदम चढून बल्ब उडतात.

दुसरी बॅटरी वर्षाच्या आत का गेली, याचं एक कारण दुकानातही असू शकतं. गिऱ्हाईक उभं असतं, ॲसिड भरलं आणि दहा मिनिटांत बॅटरी गाडीत, असं सर्रास होतं. ॲसिड भरल्यावर तिला आधी सावकाश चार्जिंग लागतं, क्षमतेच्या साधारण एकदशांश करंटने. म्हणजे 5 एएचच्या बॅटरीला अर्धा अँपिअर, काही तास. तो पहिला चार्ज चुकला तर ती कधीच पुरती भरत नाही. कारच्या मोठ्या चार्जरवर लावून घाई केली तर प्लेटा वाकतात.

गाडीवरचा लोडही बघा. 60 वॉटचा हॅलोजन एकटाच 5 अँपिअर ओढतो. त्यावर दोन मोठे हॉर्न आणि फॉग लॅम्प लावले तर गावातल्या ट्रॅफिकमध्ये जुन्या मॅग्नेटला झेपत नाही. या बुलेटचा मागचा ब्रेक डाव्या पायाला असतो आणि पाय त्यावर टेकवून चालवायची सवय पुष्कळांना असते. त्याने 21 वॉटचा ब्रेक लाइट रस्ताभर जळतो, म्हणजे पावणेदोन अँपिअर फुकट. संध्याकाळी कुणाला तरी मागून बघायला सांगा.

एवढं करूनही एसी व्होल्टेज येतच नसेल तर गॅरेजवाला बरोबर आहे, कॉइल बदला. कव्हर उघडलं की ऑइल सांडणार, तेव्हा नवं गॅस्केट आणि ऑइल आधीच आणून ठेवा. बसवताना कॉइल आणि मधल्या फिरत्या मॅग्नेटमध्ये चारी बाजूंनी किमान 0.2 मिलिमीटरची सारखी फट हवी. ती फीलर गेज घालून तुमच्यासमोर तपासून घ्या. एका बाजूला मॅग्नेट घासला तर नवी कॉइलही जाईल.