बाळाची मूठ आणि हंसिणीचं अंडं

प्रश्न : माझी नात तीन आठवड्यांची आहे. तळहाताला बोट लावलं की घट्ट धरते. ही सहजप्रवृत्ती की प्रतिक्षिप्त क्रिया? न शिकता तर दोन्ही येतात.

उत्तर : आजी, ही प्रतिक्षिप्त क्रिया. एक उद्दीपक, एक झटपट प्रतिसाद, तोही शरीराच्या एखाद्या भागापुरता. ओठाशी बोट नेलंत तर ती चोखू लागेल, तेही याच जातीचं.

सहजप्रवृत्तीत अख्खा प्राणी गुंततो, हालचालींची साखळीच सुरू होते. प्राणिवर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ आणि निको टिनबर्गन यांनी राखी हंसिणीवर केलेला, 1938 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मला आजही थक्क करतो. अंडं घरट्याबाहेर घरंगळलं की ती मान लांबवते, चोच अंड्यापलीकडे टेकवते आणि ते हळूहळू आत ओढते. मध्येच अंडं काढून घेतलं तरी मान घरट्यापर्यंत ओढत नेतेच! फक्त अंडं निसटू नये म्हणून चोच डावी-उजवीकडे हलत असते, ते थांबतं. म्हणजे एकाच कृतीत दोन भाग : एक सुरू झाला की पुरा होणारा, दुसरा क्षणोक्षणी स्पर्शावर चालणारा. हा भेद मला फार मोलाचा वाटतो.

माणसात असे ठरीव क्रियाबंध क्वचितच. शिकणं लवकरच वरचढ होतं.

नातीची ही पकड साधारण पाच-सहा महिन्यांत आपोआप मावळेल. त्यानंतरही टिकली, किंवा आत्ताच एका हाताची पकड दुसऱ्यापेक्षा ढिली वाटली, तर बालरोगतज्ज्ञांना जरूर दाखवा.