परदेशातून थेट माल मागविताना पडणारा खर्च

अलीकडे द्राक्षे, डाळिंबे व फुले पिकविणारे पुष्कळ शेतकरी बंधू लहान उपकरणे परदेशी विक्रेत्यांकडून थेट मागवू लागले आहेत. द्राक्षमण्यांतील गोडी मोजण्याचा रिफ्रॅक्टोमीटर, पाण्याचा सामू व क्षारता पाहण्याचे मापक, छाटणीच्या कात्र्या अशा वस्तू घरबसल्या मागविता येतात आणि त्यांची किंमत प्रथमदर्शनी कमी वाटते. परंतु विक्रेत्याने दाखविलेली किंमत ही त्या वस्तूची खरी किंमत नव्हे. भाडे, सीमाशुल्क, अधिभार, वस्तू व सेवा कर आणि पार्सल पोचविणाऱ्या कंपनीचा आकार हे सर्व मिळून जी दारपोच किंमत होते, तिचीच तुलना गावच्या दुकानदाराच्या किमतीशी केली पाहिजे. हा हिशेब कसा करावयाचा व त्यात कोठे फसगत होते, याची माहिती या लेखात दिली आहे.

शुल्क कोणत्या रकमेवर बसते?

सीमाशुल्क केवळ वस्तूच्या किमतीवर बसत नाही. सीमाशुल्क अधिनियम, १९६२ व त्याखालील २००७ च्या मूल्यनिर्धारण नियमांनुसार वस्तूची किंमत, वाहतूक व विमा यांच्या बेरजेस शुल्कयोग्य मूल्य मानतात. विम्याची रक्कम कागदोपत्री दाखविली नसल्यास वस्तूच्या किमतीच्या १.१२५ टक्के धरतात. भाड्याचा आकडा न मिळाल्यास ते २० टक्के धरतात. माल विमानाने आला असेल, तर प्रत्यक्ष भाडे कितीही असले तरी शुल्काच्या हिशेबात ते २० टक्क्यांहून अधिक धरीत नाहीत. परकीय चलनाचे रुपये करताना बँकेचा दर न घेता सीमाशुल्क खात्याने वेळोवेळी जाहीर केलेला दर घेतात.

या मूल्यावर प्रथम मूळ सीमाशुल्क बसते. त्या शुल्काच्या १० टक्के इतका समाजकल्याण अधिभार २०१८ पासून बहुतेक वस्तूंवर घेतला जातो. त्यानंतर मूल्य, मूळ शुल्क व अधिभार या तिहींच्या बेरजेवर एकात्मिक वस्तू व सेवा कर आकारतात. म्हणजे शुल्कावरही कर चढतो, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

हिशेबाचे उदाहरण

समजा, एका उपकरणाची किंमत १२,००० रुपये व विमानाचे भाडे ३,००० रुपये आहे. मूळ शुल्क १० टक्के व वस्तू व सेवा कर १८ टक्के हे दर येथे केवळ उदाहरणापुरते घेतले आहेत.

वस्तूची किंमत : रु. १२,०००.००
हिशेबात धरलेले भाडे (२० टक्के) : रु. २,४००.००
विमा (१.१२५ टक्के) : रु. १३५.००
शुल्कयोग्य मूल्य : रु. १४,५३५.००
मूळ शुल्क : रु. १,४५३.५०
समाजकल्याण अधिभार : रु. १४५.३५
वस्तू व सेवा कर (रु. १६,१३३.८५ वर) : रु. २,९०४.०९
एकूण भरणा : रु. ४,५०२.९४

विक्रेत्यास दिलेले १५,००० रुपये त्यात मिळविले, म्हणजे १२,००० रुपयांची वस्तू सुमारे १९,५०३ रुपयांस पडली. बँकेचा चलनबदलाचा आकार व कुरिअर कंपनीचा सेवाआकार अजून निराळाच. दुकानदार हीच वस्तू १८,५०० रुपयांस देत असून दुरुस्तीची हमी घेत असेल, तर परदेशी मागणीत फायदा कोणता?

दर वस्तूगणिक बदलतो

प्रत्येक वस्तूला शुल्कपत्रकात एक क्रमांक असतो व त्या क्रमांकावरून दर ठरतो. छाटणीची साधी कात्री, खुरपी, विळा अशा हाताने चालवावयाच्या शेती अवजारांना वस्तू व सेवा करातून सूट आहे. मोजमापाच्या विद्युत उपकरणांना ती नाही. बॅटरीवर चालणारी कात्री साध्या कात्रीच्या वर्गात मोडत नाही. तेव्हा एका शेजाऱ्यास शुल्क कमी पडले म्हणून आपणासही तेवढेच पडेल, असे गृहीत धरू नये. हे दर अर्थसंकल्पात बदलत असल्याने मागणीपूर्वी सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावर चालू दर पाहावा.

शेतीचा माल वैयक्तिक वापराचा नव्हे

आयात करणाऱ्यास आयात-निर्यात संकेतांक लागतो. स्वतःच्या वापरासाठी वस्तू आणणाऱ्यास त्यातून सूट आहे. परंतु तो वापर व्यापार, उत्पादन किंवा शेती यांच्याशी संबंधित नसावा, असे नियमात स्पष्ट म्हटले आहे. मळ्यात वापरावयाचे उपकरण घरगुती वस्तू म्हणून मागविणे म्हणूनच धोक्याचे आहे. एकट्या शेतकऱ्याने संकेतांक काढण्यापेक्षा शेतकरी उत्पादक कंपनीमार्फत एकत्र मागणी नोंदविणे अधिक सोयीचे. भाडे व सेवाआकार वाटले जातात. शिवाय कंपनी करासाठी नोंदलेली असून तिची विक्री करपात्र असेल, तर नियमांप्रमाणे आयातीवर भरलेल्या वस्तू व सेवा कराची वजावट तिला मिळू शकते. नोंदणी नसलेल्या शेतकऱ्यास तो कर सोसावाच लागतो.

‘भेट’ म्हणून लिहिण्याचा मोह

काही विक्रेते पार्सलावर ‘भेटवस्तू’ असे लिहून किंवा किंमत कमी दाखवून शुल्क वाचविण्याची तयारी दर्शवितात. ते मुळीच स्वीकारू नये. डिसेंबर २०१९ पासून राख्या व जीवरक्षक औषधे वगळता टपालाने वा कुरिअरने येणाऱ्या वस्तूंना भेट म्हणून शुल्कमाफी मिळत नाही. खोटी किंमत दाखविल्यास माल जप्त होऊ शकतो व दंडही होतो. विक्रेता परदेशात सुरक्षित असतो. जबाबदारी ज्याच्या नावे माल आला त्याच्यावर पडते.

शुल्क भरूनही न येणाऱ्या वस्तू

बियाणे, कलमे, कंद व रोपे यांस केवळ शुल्क भरून भागत नाही. वनस्पती संगरोध आदेश, २००३ प्रमाणे त्यांसाठी आगाऊ आयात परवाना व निर्यात करणाऱ्या देशाचे रोगकीडमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते. पाकिटात घालून पाठविलेले बी म्हणजे किडीरोगांस उघडलेले दारच होय. गाजरगवताचे उदाहरण आपल्यासमोर आहे. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात दिसून आले. परदेशी धान्याबरोबर त्याचे बी आले असे मानले जाते. आज ते नाही असा बांध शोधावा लागतो. न मागविता बियांची पाकिटे येऊ लागल्याने २०२० च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने राज्यांना सावधगिरीची सूचना दिली होती. असे पाकीट आल्यास बी पेरू नये, फेकू नये. बंद ठेवून कृषी खात्यास कळवावे.

कीटकनाशके १९६८ च्या अधिनियमाखाली नोंदणीवाचून आणता येत नाहीत. तयार ड्रोनच्या आयातीवर संशोधन, संरक्षण व सुरक्षा हे अपवाद वगळून ९ फेब्रुवारी २०२२ पासून बंदी घालण्यात आली. फवारणीसाठी ड्रोन घेणाऱ्याने परदेशी जाहिरातीस भुलून आगाऊ रक्कम पाठवू नये.

पैसे कोणास द्यावे?

टपालाने आलेल्या पार्सलाचे शुल्क टपाल खाते बटवड्याच्या वेळी घेते. कुरिअर कंपनी सामान्यतः ते आधी भरून मागाहून आपल्या आकारासह वसूल करते. दोन्ही वेळी पावती घ्यावी व शुल्क आणि सेवाआकार निराळे दाखविले आहेत की नाही ते पाहावे. ‘तुमचे पार्सल कस्टममध्ये अडकले आहे, या खात्यावर रक्कम भरा’ असा दूरध्वनी आल्यास तो फसवणुकीचा समजावा. सीमाशुल्क खाते खासगी खात्यावर पैसे मागत नाही. त्याच्या पत्रांवर नोव्हेंबर २०१९ पासून दस्तऐवज ओळख क्रमांक असतो व तो खात्याच्या संकेतस्थळावर पडताळता येतो.

मागणी नोंदविण्यापूर्वी

१. वस्तू आणण्यास मुभा आहे किंवा परवाना लागतो, हे प्रथम पाहावे.
२. विक्रेत्याच्या किमतीत भाडे व भारतातील शुल्क धरले आहे काय, हे लेखी विचारावे.
३. वरील पद्धतीने दारपोच किंमत काढावी.
४. तीच वस्तू येथील दुकानात काय भावाने व कोणत्या हमीसह मिळते, ते विचारावे.
५. वस्तू सदोष निघाल्यास परत पाठविण्याचे भाडे कोण सोसणार, हे ठरवून घ्यावे.
६. बिल, रक्कम दिल्याचा पुरावा व ओळखपत्र तयार ठेवावे.

कागदावरचा हा अर्ध्या घटकेचा हिशेब हंगामाच्या ऐन वेळी अडकणारे हजारो रुपये वाचवितो. हिशेबाअंती परदेशी वस्तूच परवडत असेल, तर ती रीतसर शुल्क भरून निःशंकपणे मागवावी.