मन मारत बसू नकोस

चि. निखिल यास,


रात्री स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला बसलं की हात आपोआप फोनकडे जातो आणि बारा कधी वाजले ते कळत नाही, असं तू लिहिलंस. निम्म्या सदाशिव पेठेचं तेच चाललं असणार. पण ‘माझ्यात विलपॉवरच नाही’ असा शिक्का स्वतःवर मारून मोकळा झालास, ते मला मान्य नाही.

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने केलेला प्रयोग तू ऐकला असशील. व्याख्यानं झोडणाऱ्यांचा तो फार लाडका. मूल एकटं बसवायचं. मोठं माणूस परत येईपर्यंत धीर धरला तर आवडीचा खाऊ, नाहीतर दुसरा. थांबणारी मुलं पुढे हुशार निघाली, एवढंच सगळे सांगतात. २०१८ च्या मोठ्या अभ्यासात घरची परिस्थिती हिशेबात धरली, तेव्हा तो संबंधही बराच पातळ झाला. खरी गंमत वेगळीच आहे. मिशेलच्या १९७० च्या प्रयोगात खाऊ समोर असताना मुलं सरासरी मिनिटभर टिकली, नजरेआड असताना अकरा मिनिटं! मुलं त्याच बालवाडीतली. जी टिकली त्यांनी डोळे झाकले, गाणी म्हटली, हातापायांशी खेळत वेळ काढला.

२०१३ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठातला असाच आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मोठ्या माणसाने आधी दिलेला शब्द पाळला, त्या मुलांनी सरासरी बारा मिनिटं वाट पाहिली. शब्द मोडला, तिथे तीनच. मला यात हावरटपणा दिसत नाही, व्यवहार दिसतो. भरतीची जाहिरात कधी निघेल, परीक्षा पुढे तर जाणार नाही ना, याचा भरवसा नसलेलं तुझं मनही हातातलं सुख आधी उचलतं. त्याला शिव्या देऊ नकोस.

मात्र फोन उशाशी ठेवून संयमाच्या गप्पाही मारू नकोस. जेवण झालं की मेसमधून थेट अभ्यासिकेत जायचं, खोलीवर वळायचंच नाही, हे आधीच ठरवून ठेव. फोन खोलीवरच कुलपात राहू दे. आणि रोज बारा तासांचं वेळापत्रक भिंतीला चिकटवू नकोस. दोन तास ठरव आणि पाळ. रोज मोडलेल्या शब्दावर तुझं स्वतःचं मन तरी का विश्वास ठेवील?

रविवारी बोलू तेव्हा किती पानं वाचलीस ते विचारणार नाही. फोन कुठे ठेवला होतास, तेवढं सांग.

तुझा,
मामा