दिव्यांग बालकांची सहल : हक्क आणि व्यवस्था

सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे सहलीच्या स्थळांनी समृद्ध आहेत. महाबळेश्वर-पाचगणीची थंड हवा, कासच्या पठारावरील फुले, कोयनेचा शिवसागर जलाशय, अजिंक्यतारा, सज्जनगड आणि प्रतापगड हे किल्ले, औंधचे श्रीभवानी वस्तुसंग्रहालय, सागरेश्वरचे अभयारण्य, औदुंबर आणि सांगलीचा कृष्णाकाठ ही नावे राज्यभर परिचित आहेत. त्यांच्या जोडीला पाचगणी-महाबळेश्वर परिसरात यांत्रिक खेळांची करमणूक केंद्रे उभी राहिली आणि खेडोपाडी कृषी पर्यटन केंद्रे निघाली. जत्रेतील आकाशपाळणे तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहेत. दिवाळीची सुट्टी संपली की शाळांच्या सहलींना आरंभ होतो आणि या ठिकाणी मुलांची झुंबड उडते.

या आनंदात वर्गातील एखादे मूल मात्र पुष्कळदा नसते. कॅलिपर लावून चालणारी मुलगी, बौद्धिक अक्षमता असलेला मुलगा, चाकाच्या खुर्चीवर बसणारे बालक यांचे नाव हजेरीपटावर असते. सहलीच्या यादीत नसते. त्यांना कठोर शब्दांत नकार क्वचितच दिला जातो. ‘त्याला झेपणार नाही’, ‘उगाच त्रास होईल’ अशा आपुलकीच्या भाषेत तो येतो आणि इतरांना अडचण नको म्हणून पालकही तो मान्य करतात. सहलीनंतर वर्गात ‘आमची सहल’ या विषयावर निबंध लिहावयास सांगितला जातो, तेव्हा त्या मुलापाशी लिहिण्यासारखे काहीच नसते. हे टाळणे शक्य आहे आणि ते बहुतांशी शिक्षक, ग्रामपंचायत व स्थानिक अधिकारी यांच्या हाती आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

कायद्याची भूमिका

संयुक्त राष्ट्रांनी १९८१ हे वर्ष आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष म्हणून पाळले. त्या काळी अपंगांचा प्रश्न मुख्यतः उपचार, साहाय्य आणि पुनर्वसन यांच्या चौकटीत पाहिला जाई. पुढे ही दृष्टी बदलत गेली. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेने खेळ आणि विश्रांती हा प्रत्येक बालकाचा हक्क मानला. २००६ मध्ये स्वीकारलेल्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारातील ३० व्या अनुच्छेदाने खेळ, करमणूक आणि क्रीडा यांत दिव्यांग बालकांना इतर बालकांच्या बरोबरीने सहभागी होता आले पाहिजे, असे स्पष्ट केले. भारताने या कराराला २००७ मध्ये मान्यता दिली.

त्याला अनुसरून संसदेने दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ संमत केला आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो अमलात आला. त्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे. शाळांच्या दृष्टीने कलम १६ विशेष महत्त्वाचे आहे. शासनाचे अनुदान अथवा मान्यता असलेल्या शाळांनी दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि शिक्षणाबरोबरच खेळ व करमणुकीची संधीही इतरांच्या बरोबरीने द्यावी, असे हे कलम सांगते. मुलांच्या वाहतुकीची सोय आणि अधिक आधाराची गरज असलेल्या मुलांच्या सोबत्याचा प्रवास यांचाही उल्लेख त्यात आहे. कलम २९ मध्ये करमणूक केंद्रे, मैदानी शिबिरे आणि साहसी उपक्रम यांतील सहभागाची तरतूद आहे. सबब, दिव्यांग विद्यार्थ्याला सहलीला नेणे हा कोणाच्या दयाबुद्धीचा भाग राहत नाही. तो शाळेच्या कर्तव्याचा भाग होतो.

स्थळांच्या बाबतीतही कायदा स्पष्ट आहे. सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत करमणुकीसाठी लोक वापरतात अशा शासकीय आणि खाजगी अशा दोन्ही इमारती येतात. अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम जून २०१७ मध्ये निघाले. त्या हिशेबाने ती मुदत २०२२ मध्येच संपली. सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवून भागणार नाही, त्यांतील किमान निकष बंधनकारक असले पाहिजेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या प्रकरणात दिला आहे.

अडथळा कोठे असतो?

मूल सहलीला येऊ शकत नाही याचे कारण आपण सहसा त्याच्या शरीरात शोधतो. प्रत्यक्षात ते पुष्कळदा जागेच्या रचनेत सापडते. चाकाच्या खुर्चीची रुंदी साधारणतः ६५ ते ७० सेंटिमीटर असते. प्रसाधनगृहाचा दरवाजा ६० सेंटिमीटरचा असेल, तर ती खुर्ची आत जाणार नाही. दरवाजा ९० सेंटिमीटरचा ठेवला की प्रश्न सुटतो. उद्यानाच्या प्रवेशद्वाराशी प्रत्येकी १५ सेंटिमीटर उंचीच्या तीन पायऱ्या असतील, तर एकूण चढ ४५ सेंटिमीटरचा होतो. उताराचे मान्य प्रमाण एकास बारा हे आहे. म्हणजे तेथे ५ मीटर ४० सेंटिमीटर लांबीचा उतार हवा. अनेक ठिकाणी केवळ नियमपूर्तीसाठी दीड-दोन मीटरचा उभा उतार बांधला जातो. त्यावरून खुर्ची चढत नाही आणि उतरताना ती उलटण्याचा धोका राहतो. असा उतार नसलेला बरा. उताराच्या वर आणि खाली खुर्ची वळवण्याइतकी, सुमारे दीड मीटरची सपाट जागा आणि दोन्ही बाजूंस कठडा असणेही आवश्यक आहे.

दिव्यांगत्वानुसार अडथळ्याचे रूप पालटते. स्वमग्न मुलाला पायरीची अडचण नसते. कर्ण्याचा आवाज, लखलखणारे दिवे आणि लांबलचक रांग त्याला असह्य होतात. कर्णबधिर मुलाला ध्वनिक्षेपकावरील सूचना कळत नाही. अंध मुलाला काचेपलीकडची वस्तू असून नसल्यासारखी असते. वाहन उभे राहते ते ठिकाण आणि प्रत्यक्ष स्थळ यांत खडीचा रस्ता असेल, तर कुबड्यांवर चालणारे मूल पोहोचेपर्यंतच थकून जाते. म्हणून ‘दिव्यांगांसाठी सोय आहे काय?’ असे मोघम विचारण्यापेक्षा कोणत्या मुलासाठी कोणती सोय हवी, हे आधी ठरवून विचारणे श्रेयस्कर होय.

स्थळाची निवड

सर्वच स्थळे सर्वांना सारखी सोयीची होणार नाहीत. प्रतापगडाच्या पायऱ्या चढणे काही मुलांना शक्य नसेल. कासचे पठार म्हणजे उंचसखल कातळ आणि पावसाळ्यातील निसरडी वाट. तेथे चाके लावून फिरणे कठीण. तथापि, म्हणून त्या मुलाला घरी ठेवण्याऐवजी सहलीच्या आखणीतच थोडा बदल करता येतो. पायऱ्यांचा गड निवडण्याऐवजी वाहन वरपर्यंत जाणारा अजिंक्यतारा निवडता येईल. तेथून साताऱ्याचा पट न चालताही दृष्टीस पडतो.

भिलार हे पाचगणीजवळील गाव ४ मे २०१७ पासून ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून ओळखले जाते. घराघरांतून मांडलेली पुस्तके बसून पाहावयाची असल्याने जास्त चालू न शकणाऱ्या मुलालाही तेथे इतरांइतकाच आनंद घेता येतो. सागरेश्वर अभयारण्य बोडक्या डोंगरांवर झाडे लावून, धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने उभे राहिले. तेथील हरणे पाहण्यासाठी शांतता लागते आणि गोंगाट न सोसणाऱ्या मुलालाही तीच हवी असते. औंधचे वस्तुसंग्रहालय १९३८ चे. तेथे जाण्यापूर्वी अंध विद्यार्थ्यांना कोणत्या वस्तूंना स्पर्श करू देता येईल, याची चौकशी पत्राने करावी. सांगली जिल्ह्यातील उसाचे गुऱ्हाळ, हळदीचे शेत, द्राक्षांचा मांडव हीही उत्तम सहलस्थळे होत. उकळत्या रसाचा वास, ओल्या हळकुंडाचा स्पर्श, गरम गुळाची चव यांतून न दिसणाऱ्या अथवा न बोलणाऱ्या मुलालाही पुष्कळ काही मिळते. मात्र गुऱ्हाळातील कढई व चरक यांपासून मुलांना पुरेशा अंतरावर ठेवण्याची दक्षता घ्यावी.

यांत्रिक खेळ आणि सुरक्षितता

मोठ्या करमणूक उद्यानांचे आकर्षण मुलांना स्वाभाविकच असते. गोराई येथे १९८९ मध्ये सुरू झालेले एस्सेलवर्ल्ड पुढे बंद झाले. २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झाले. अशा ठिकाणी दिव्यांग मुलाला सरसकट सर्व खेळांपासून दूर ठेवणे जितके चुकीचे, तितकेच विचार न करता कोणत्याही पाळण्यात बसवणेही चुकीचे आहे.

काही बाबतींत वैद्यकीय सल्ला अगत्याचा असतो. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेच्या वरच्या मणक्यांचे सांधे सैल असतात. मानेला हिसका बसणारे खेळ त्यांना घातक ठरू शकतात. अपस्मार असलेल्या काही मुलांना उघडझाप करणाऱ्या दिव्यांमुळे झटका येऊ शकतो. सिकलसेलग्रस्त मुलाने थंड पाण्यात फार वेळ राहू नये व त्याला वरचेवर पाणी पाजावे. मेंदूच्या पक्षाघातामुळे बसण्याचा तोल न राहणाऱ्या मुलाला केवळ मांडीवरचा पट्टा पुरत नाही. छातीला आधार देणारे आसन आणि शेजारी प्रौढ व्यक्ती हवी. श्रवणयंत्र पाण्याच्या खेळापूर्वी काढून ठेवावे आणि ते काढल्यावर मुलाला हाक ऐकू येणार नाही, हे सर्वांना सांगून ठेवावे.

एखाद्या खेळास मनाई असल्यास तिचे कारण मुलाला त्याच्या समजुतीप्रमाणे सांगावे आणि त्याच्या जोगा दुसरा खेळ तेथेच दाखवावा.

जत्रा आणि ग्रामपंचायत

ग्रामीण भागातील बहुसंख्य मुलांच्या वाट्याला येणारे करमणूक उद्यान म्हणजे गावची जत्रा. पुसेगावची सेवागिरी महाराजांची, म्हसवड व खरसुंडीची सिद्धनाथाची, पालीची खंडोबाची, जतची यल्लम्माची अशा यात्रांत पाळणे, चक्री आणि खेळण्यांची दुकाने लागतात. पाळणेवाल्यांना ग्रामपंचायत जागा देते, तेथे जागा देतानाच काही अटी घालता येतात. जत्रेच्या एका दिवशी सकाळचे दोन तास दिव्यांग मुले व त्यांची भावंडे यांच्यासाठी राखून ठेवावेत. त्या वेळी कर्णे बंद असावेत, पाळणा पूर्ण थांबवून मुलाला सावकाश बसवावे व उतरवावे. यासाठी वेगळा खर्च येत नाही. पाळणेवाल्याशी आधी बोलणे तेवढे करावे लागते.

गर्दीच्या नियंत्रणाचा प्रश्न याहून गंभीर आहे. वाई तालुक्यातील मांढरदेव येथे २५ जानेवारी २००५ रोजी झालेल्या चेंगराचेंगरीत शेकडो भाविकांचे प्राण गेले. ज्याला पळता येत नाही, धोक्याची सूचना ऐकू येत नाही किंवा कळत नाही, त्याला अशा वेळी सर्वाधिक धोका असतो. त्यामुळे मुख्य वाटेपासून वेगळी, रुंद आणि मोकळी वाट राखणे आवश्यक आहे. हरवलेल्या मुलांच्या कक्षात केवळ ध्वनिक्षेपकावर विसंबू नये. न बोलू शकणाऱ्या मुलाच्या खिशात नाव, गाव आणि पालकांचा दूरध्वनी क्रमांक असलेली चिठ्ठी ठेवण्याची सूचना जत्रेपूर्वी दवंडी देऊन व शाळेमार्फत द्यावी.

ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के निधी दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावा, असे शासनाचे आदेश आहेत. हा निधी आर्थिक वर्षाच्या अखेरीस घाईने वाटून टाकण्याऐवजी आदेशातील तरतुदी पाहून त्यातून गावच्या उद्यानातील उतार, प्रसाधनगृहाची दुरुस्ती यांसारखी सामूहिक उपयोगाची कामे घेता येतील काय, याचा विचार ग्रामसभेत व्हावा.

शिक्षकांनी करावयाची पूर्वतयारी

सहलीच्या आधी एका शिक्षकाने स्थळाची पाहणी करावी. वाहन कोठवर जाते, तेथून किती पावले चालावे लागते, पायऱ्या किती, दरवाजांची रुंदी किती, सावली व पिण्याचे पाणी कोठे, रांगेत किती वेळ जातो, याचे टिपण करावे. मुलाचे पालक, आणि असल्यास समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक, यांच्याशी हे टिपण समोर ठेवून बोलावे. औषधांच्या वेळा, आहार, शौचाची सवय, भीती वाटणाऱ्या गोष्टी यांची माहिती लिहून घ्यावी. बसच्या पायऱ्या उंच असतात. मुलाला कसे उचलायचे, हे पालकांकडून आदल्या दिवशीच शिकून घ्यावे. स्वमग्न अथवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला सहलीचा क्रम चित्रांतून आधीच दाखवावा: बस, उद्यान, जेवण, पाळणा, पुन्हा बस. पुढे काय होणार हे ठाऊक असले की त्याची अस्वस्थता पुष्कळ कमी होते.

वर्गातील मुलांनाही विश्वासात घ्यावे. दोन-तीन सवंगडी पाळीपाळीने सोबतीला नेमावेत. एकाच मुलावर दिवसभराचा भार टाकू नये. पालकांना सोबत येण्याची मुभा द्यावी, परंतु त्यांच्या येण्यावर मुलाचा प्रवेश अवलंबून ठेवू नये.

कुटुंबासमवेत जाणाऱ्यांसाठी हेही सांगितले पाहिजे की, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र अथवा वैश्विक ओळखपत्र जवळ बाळगल्यास एसटीच्या साध्या गाडीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते.

अन्यत्र झालेले प्रयत्न

अमेरिकेतील सॅन अँटोनियो येथे गॉर्डन हार्टमन यांनी आपल्या दिव्यांग कन्येच्या अनुभवावरून २०१० मध्ये ‘मॉर्गन्स वंडरलँड’ हे उद्यान सुरू केले. चाकाच्या खुर्चीसह बसता येईल अशी चक्री व झोपाळे तेथे आहेत आणि दिव्यांगांना प्रवेशशुल्क नाही. २०१७ मध्ये त्यास जोडून जलक्रीडा उद्यान उभे राहिले. पाण्यात नेता येतील अशा, दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या खुर्च्या तेथे वापरतात. आपल्याकडे बंगळूर येथे ‘किलिकिली’ या पालकांच्या संस्थेने महानगरपालिकेच्या उद्यानांतच सर्व मुलांना एकत्र खेळता येईल अशी रचना करून घेतली. आपल्या नगरपालिकांना व मोठ्या ग्रामपंचायतींना हा दुसरा मार्ग अधिक जवळचा आहे. नवे उद्यान उभारण्यास निधी व काळ लागतो, परंतु असलेल्या उद्यानात एक आधाराचा झोपाळा, एक योग्य उतार आणि एक रुंद दरवाजा करणे पुष्कळांना शक्य आहे.

राज्यात ३ डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याण हा स्वतंत्र विभाग कार्यरत झाला. शासनाची यंत्रणा, कायदा आणि निधीची तरतूद ही तिन्ही उपलब्ध आहेत. तथापि, सहलीच्या यादीत त्या एका मुलाचे नाव लिहिण्याचे काम मुख्याध्यापकांनाच करावयाचे आहे आणि जत्रेतील मोकळी वाट ग्रामपंचायतीलाच राखावयाची आहे. यंदाची सहल आखताना प्रत्येक शाळेने हजेरीपट आणि सहलीची यादी शेजारी ठेवून पाहावी. गळालेले नाव कोणते आणि ते का गळाले, याचे उत्तर शोधणे हा या कामाचा आरंभ होय.