ऐतिहासिक कादंबरी व सत्य

पुष्कळ वेळां तुम्ही विचारतां, "कादंबरींतील गोष्ट कल्पित, तर ती खोटीच नव्हे काय?" एका उदाहरणानें याचें उत्तर शोधूं.

कॅरिबियन समुद्रांतील डोमिनिकन प्रजासत्ताकांत सेनापति राफाएल त्रुहियो यानें १९३० सालीं सत्ता बळकावली व १९६१ पर्यंत हुकुमशाही चालविली. मिराबाल घराण्यांतील पात्रिया, मिनेर्वा व मारिया तेरेसा या तीन बहिणींनीं त्याच्याविरुद्ध गुप्त चळवळींत भाग घेतला. तिघींचेही पति बंदिवासांत पडले. २५ नोव्हेंबर १९६० रोजीं धाकट्या दोघींच्या पतींची तुरुंगांत भेट घेऊन तिघी घरीं परतत होत्या. वाटेंत त्रुहियोच्या हस्तकांनीं त्यांना व त्यांच्या वाहनचालकाला ठार मारिलें, आणि गाडी दरींत लोटून अपघाताचा देखावा केला. चवथी बहीण देदे मागें उरली. तिनें व वृद्ध आईनें तिघींचीं सहा पोरकीं मुलें वाढविलीं.

याच घटनेवर ज्यूलिया आल्व्हारेझ यांनीं १९९४ सालीं 'इन द टाइम ऑफ द बटरफ्लाइज' ही इंग्रजी कादंबरी लिहिली. 'फुलपांखरें' हें बहिणींचें चळवळींतील टोपणनांव. लेखिका दहा वर्षांच्या असतां, १९६० सालींच, त्यांच्या कुटुंबालाही मायदेश सोडून न्यूयॉर्कला जावें लागलें होतें. कादंबरींत चौघींच्या दृष्टीनें आळीपाळीनें कथा पुढें सरकते. धाकटीची तर रोजनिशीच आहे. अशा तपशिलांत लेखिकेची कल्पना आहे. आपण रंगविलेल्या बहिणी आपल्याच कल्पनेंतील आहेत, असें त्यांनीं ग्रंथाच्या शेवटीं स्वतःच सांगितलें आहे.

आतां पाहा, अपघाताची कथा हुकुमशहानेंही रचिली होती. मग दोन कथांत भेद कोणता? एकीनें सत्य झांकलें व स्वतःला सत्य म्हणविलें. दुसरीनें आपण कल्पित आहों हें कबूल करून, त्या घरांत काय दुःख झालें असेल तें आपल्याला दाखविलें. इतिहास मृत्यूची तारीख सांगतो. आईविना झोपणाऱ्या मुलांची रात्र तो क्वचितच सांगतो.

तथापि वाचकाचेंही कर्तव्य आहे. तारखा, स्थळें व व्यक्ति इतिहासाशीं ताडून पाहाव्या. संवाद हे लेखकाचे समजावे. देदे यांनीं २००९ सालीं आपल्या आठवणी स्पॅनिश भाषेंत प्रसिद्ध केल्या. कादंबरी अशा आठवणींशेजारीं ठेवून वाचावी.

पालकांना विनंती कीं, सुटींत मुलांसमवेत हरि नारायण आपटे यांची 'उषःकाल' वाचावी, आणि प्रत्येक प्रकरणाअंतीं विचारावें: यांत घडलेलें कोणतें, कल्पिलेलें कोणतें, आणि तें कशासाठीं कल्पिलें?