सुईआधीचं, सुईनंतरचं

खैरानी रोडच्या गाळ्यात मशीनवर वाकणारा, चांदिवलीच्या कंपनीत लॅपटॉपपुढे बसणारा आणि साकीनाक्याच्या खड्ड्यांतून रिक्षा हाकणारा, तिघांचीही पाठ-मान तिशीतच कुरकुरते. तुझी कुरकुरतेय आणि कुणी ॲक्युपंक्चर सुचवलंय, तर आत्याचे चार शब्द ऐकून जा.

आधी दुखणं कशाचं ते कळू दे. मेट्रोने घाटकोपरला उतर, राजावाडीत केसपेपर काढ, हाडांच्या डॉक्टरांना दाखव. संध्याकाळी कणकण येते, वजन उतरतंय, रात्री दुखण्यानं जाग येते, असं असेल तर ते न विसरता सांग. मुंबईत मणक्याचा टीबीही निघतो आणि त्याला गोळ्यांचा पूर्ण कोर्सच लागतो. लघवी अडली किंवा नकळत झाली, बसायची जागा बधिर झाली, पाऊल उचलेना, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठायचं. मान-खांद्यासोबत छाती दाटली, घाम फुटला, तरीही तसंच.

मग बघ, सुई कोण टोचणार. महाराष्ट्राने ॲक्युपंक्चरसाठी २०१५ साली स्वतंत्र कायदा केला, त्याखाली परिषद आहे. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नकोस. भिंतीवर डॉ. कोटणिसांचा फोटो आहे म्हणून भुलू नकोस. सोलापूरचा तो मोठा माणूस १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेला आणि १९४२ मध्ये तिथेच वारला, पण तो शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर. सुयांची विद्या शिकून कोलकात्यात आणली ती त्याच्याच पथकातल्या डॉ. बसूंनी, पन्नासच्या दशकाच्या अखेरीस.

सुईचं सीलबंद पाकीट तुझ्यासमोर फुटलं पाहिजे आणि वापरलेली सुई फेकली गेली पाहिजे. ‘उकळून घेतलीय’ असं ऐकलंस की चपला घाल आणि नीघ. कावीळ अशीच घरी येते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, पेसमेकर असेल किंवा बाई गरोदर असेल, तर आधीच सांगायचं. उपाशीपोटी जायचं नाही, चक्कर येते. टोचल्यावर तिथे जडपणा किंवा मुंग्या येतात, घाबरू नकोस. वीसेक मिनिटं हलू मात्र नकोस. खांद्यावर, बरगड्यांपाशी टोचून घेतल्यावर दम लागला किंवा छातीत कळ आली, तर न थांबता इस्पितळ गाठ. फुप्फुसाला सुई लागल्याची ती खूण असू शकते.

आशा किती धरायची, तेही ऐक. जर्मनीत ११६२ कंबरदुखीवाल्यांवर केलेला प्रयोग २००७ साली छापून आला. सहा महिन्यांनी खऱ्या बिंदूंवर टोचलेल्यांपैकी जवळजवळ ४८ टक्क्यांना फरक पडला होता. भलत्याच जागी वरवर टोचलेल्यांपैकी ४४ टक्क्यांना, तर गोळ्या-व्यायाम असा नेहमीचा उपचार घेतलेल्यांपैकी २७ टक्क्यांना. म्हणजे आराम खोटा नाही, पण ‘हाच बिंदू, हीच नाडी’ ही बढाई फार मनावर घेऊ नकोस. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीच्या उपायांत सुया धरल्या, व्यायामाच्या बरोबरीनं.

वीस सिटिंगचं पॅकेज आगाऊ घेऊ नकोस. प्रत्येक वेळचे पैसे त्या वेळी दे. पाच-सहा वेळांनंतरही मान तेवढीच आखडत असेल, तर राम राम म्हण. ‘चालू गोळ्या बंद करा’ असं तिथे कुणी म्हणालं, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचार.

सुई दुखणं हलकं करते. दिवसभराची वाकडी बैठक ती कशी सरळ करणार? लॅपटॉप डोळ्यांच्या उंचीला आण, गाळ्यातलं स्टूल बदलायला मालकाच्या मागे लाग, तासाभरानं उठून चार पावलं टाक. फिजिओथेरपिस्टनं दाखवलेला व्यायाम दुखणं जोरात असताना पुष्कळांना जमत नाही. म्हणून सुईनं जरा मोकळं वाटलं, की त्याच संध्याकाळी तो सुरू कर.