मोटारीच्या तळाची उष्णता : तिच्या वाटा आणि आपली दक्षता

मोटारीच्या इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलपैकी ढोबळमानाने एकतृतीयांश ऊर्जाच प्रत्यक्ष कामी येते. जवळजवळ तेवढीच धुराबरोबर बाहेर पडते आणि उरलेली रेडिएटरमधील पाणी व इंजिनाचा धातू यांच्यावाटे हवेत जाते. अलीकडच्या अनेक गाड्यांचा तळ आवरणांनी झाकलेला असतो. मग ही उष्णता बाहेर पडते कोठून? या प्रश्नाच्या उत्तराशी सुरक्षिततेचाही निकटचा संबंध आहे.

तळ का झाकतात?

गाडीच्या उघड्या तळाशी नळ्या, दांडे, खाचा व खळगे असतात. त्यांवर आदळून हवेत भोवरे निर्माण होतात व गाडीला होणारा विरोध वाढतो. हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने वेग दुप्पट झाला की तो चौपट होतो. तळ सपाट केल्यास हवा सरळ वाहते व इंधन वाचते. चिखल, पाणी आणि खडे यांपासूनही यंत्रभागांचे रक्षण होते.

उष्णतेच्या तीन वाटा

वहन, अभिसरण आणि प्रारण हे शाळेत शिकविले जाणारे तीनही प्रकार येथे आढळतात. इंजिनातील उष्णता वहनाने धातूच्या बाह्य भागापर्यंत येते. पुढील जाळीतून शिरलेली हवा रेडिएटरमधून व इंजिनाभोवतून वाहताना ती उचलून घेते. चालत्या गाडीच्या पुढे हवेचा दाब अधिक, तर तळाखाली वेगाने वाहणाऱ्या हवेत तो कमी असतो. त्यामुळे तापलेली हवा खाली व मागे ओढली जाते. म्हणूनच तळाचे आवरण हे हवाबंद झाकण नसते. त्यात तिरप्या फटी ठेवतात, कडांशी मोकळी जागा सोडतात आणि धूरनळीचा मार्ग बहुधा उघडाच ठेवतात.

धूरनळी व तिच्यावरील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हा तळाचा सर्वांत तप्त भाग होय. कन्व्हर्टरचे आतील तापमान सामान्यतः 400 ते 800 अंश सेल्सिअस असते. प्रारणाने बाहेर पडणारी उष्णता निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. म्हणून या भागाच्या वर अ‍ॅल्युमिनियमसारख्या चकचकीत धातूचा पातळ पत्रा बसवितात. तो प्रारण परावर्तित करतो; पत्रा व तळ यांमधील हवेचा थरही उष्णतेला अडवितो.

गाडी थांबल्यावर

गाडी थांबताच समोरून येणारा वारा थांबतो. तेव्हा रेडिएटरच्या पंख्यावरच भिस्त असते. इंजिन बंद केल्यावर पाण्याचे अभिसरणही थांबते व काही भागांचे तापमान थोडा वेळ उलट वाढते. काही गाड्यांचा पंखा इंजिन बंद झाल्यावरही फिरत राहतो तो याचमुळे.

दक्षता हवी

या व्यवस्थेत बाहेरची जळाऊ वस्तू शिरली की धोका निर्माण होतो. वाळलेले गवत सुमारे 300 अंशांच्या आसपास पेट घेऊ शकते. त्यामुळे नुकत्याच लांबवर धावून आलेल्या गाडीखाली उंच सुके गवत असणे धोक्याचे ठरते. आपल्याकडे सुगीच्या दिवसांत काही ठिकाणी मळणीसाठी पीक डांबरी रस्त्यावर पसरतात. त्याचे काड फिरत्या दांड्यांभोवती गुंडाळले जाते किंवा आवरणावर साठते आणि धूरनळीच्या सान्निध्यात पेटू शकते.

यासाठी काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. गाडी सुक्या गवतावर किंवा पाचटावर उभी करू नये. काडावरून जावेच लागले तर सुरक्षित जागी थांबून, गाडी थंड झाल्यावर तळ तपासावा. आवरणावर साठलेला पाला व तेल दुरुस्तीच्या वेळी काढून घ्यावे. खडखडतो म्हणून उष्णतारोधक पत्रा काढून टाकू नये. तो घट्ट बसवून घ्यावा. आवरणाच्या फटी बुजवू नयेत. जळका वास अथवा धूर आल्यास गाडी तत्काळ थांबवून, इंजिन बंद करून सर्वांनी दूर जावे.

शासकीय वाहनांच्या चालकांना ही माहिती देणे कार्यालयप्रमुखांना सहज शक्य आहे. ग्रामपंचायतींनी मळणीसाठी रस्त्याबाहेर सामायिक खळ्याची सोय केली, तर शेतकऱ्याचे धान्य आणि प्रवाशांचे प्राण दोन्ही सुरक्षित राहतील.